आधी भिंत, मग चहा

मी ओळंबा बोलतोय. पितळेचा, पेरूएवढा, खाली टोकदार. गवंड्याच्या हातातल्या दोरीला लोंबकळताना तुम्ही मला पाहिलं असेल आणि "काय हे खेळणं!" म्हणून पुढे गेला असाल. हरकत नाही. पण तुमच्या घराची भिंत सरळ उभी आहे ना, ती माझ्या भाऊबंदांच्या कृपेनं, एवढं ध्यानात असू द्या.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी चौसाळ्याला, हायवेवरच्या शिवशरण अप्पांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात होतो. खिळे, बिजागऱ्या, कुदळी, फावडी यायच्या आणि जायच्या. मी आपला फळीवर बसून. गवंडी मला उचलून तोलून बघायचे आणि म्हणायचे, "चीज लई भारी हाय अप्पा, पन आमाला लोखंडाचाच द्या." अप्पा सकाळी कपाळाला विभूती लावून दुकान उघडायचे, मला फडक्यानं पुसायचे आणि पुटपुटायचे, "तुला कोन नेणार रे बाबा?"

मला नेलं अप्पांच्या लेकीनं, कावेरीनं. ती औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकायला निघाली तेव्हा अख्खी गल्ली हसली. पोरीच्या जातीनं काय भिंती बांधायच्या? अप्पांनाही ते मनातून पटलं नव्हतं. तरी एसटी यायच्या आधी त्यांनी मला तिच्या पिशवीत टाकलं. "विकला तर जात न्हाई, तूच घेऊन जा," म्हणाले. बापमाणूस! लेकीचं कौतुक वाटतंय हे तोंडानं बोलतील तर शपथ.

शिकून झाल्यावर कावेरी बीडला बबनरावांच्या हाताखाली लागली. बबनराव इंजिनिअर आणि सरकारमान्य व्हॅल्यूअर. म्हणजे घर, दुकान, जागा बघून तिची वाजवी किंमत ठरवून देणारा माणूस. त्याची सही असल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. कावेरी परांचीवर चढली, उन्हात रापली, गवंड्यांच्या शिव्या ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या, आणि प्रत्येक भिंतीला मला सोडून बघितल्याशिवाय पुढचा थर रचू दिला नाही. मी खूप हात पाहिलेत, पण असा न थरथरणारा हात दुसरा नाही पाहिला.

मग दिवस पालटले. सिमेंटचं परमिट गेलं, रंगीत टीव्ही आले, नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ झाले. बँका घरावर, दुकानावर कर्ज द्यायला लागल्या आणि हायवेकडेच्या जागांना सोन्याचा भाव आला. जो तो आपल्या घराची किंमत विचारत सुटला. कावेरीनं तेव्हाच ठरवलं, बबनरावांच्या सहीखाली किती दिवस राहायचं? स्वतःचं लायसन काढायचं. आमच्या भागात बाई व्हॅल्यूअर तोवर कोणी ऐकली नव्हती.

तिची एक रीत होती. ज्या घराची किंमत करायची, तिथं काम होईपर्यंत चहाचा घोट नाही, पाण्याचा थेंब नाही. "आधी भिंत, मग चहा." आपल्याकडं हे किती जड जातं ठाऊक आहे ना? दारात आलेल्याला चहा न पाजणं म्हणजे पाप, आणि आलेल्यानं न घेणं त्याहून मोठं पाप. तलवाड्याला चंद्रभागाबाई नावाच्या म्हातारीनं कप हातात धरून डोळ्यांत पाणी आणलं. "आमच्या हातचं चालत न्हाई का गं तुला?" कावेरी तिच्याजवळ बसून म्हणाली, "चालतं आजी. पण तुमचा चहा पोटात गेला की तुमची भिंत मला गोड दिसायला लागेल." म्हातारी हसली आणि चहा परत चुलीवर ठेवून दिला.

लायसनच्या अर्जाला बबनरावांचा दाखला होताच. शिवाय एका मोठ्या बांधकामाच्या मालकाचा दाखला हवा होता. कावेरीनं उभं केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे तेलगावच्या विजयसिंह दादासाहेबांच्या कापसाच्या जिनिंगची इमारत. दादासाहेब मोठं प्रस्थ. मागं गाडी, पुढं माणसं. "सही करतो की," म्हणाले. "त्याच्या आधी माझ्या जुन्या गोदामाचं तेवढं बघून टाका. बँकेला दाखवायचंय."

आम्ही गेलो. चहा आला, तो राहिला. कावेरी शिडीवर चढली, माझ्या दोरीतला, माझ्याच रुंदीचा लाकडी ठोकळा भिंतीच्या माथ्याला लावला आणि मला खाली सोडलं. भिंत सरळ असली की मी तिला अलगद टेकतो. मी दोनचार हेलकावे घेतले आणि थांबलो. भिंतीला टेकलोच नाही! मधे चांगली तीन बोटं जातील एवढी फट.

"वारा हाय बाई," दादासाहेब म्हणाले. "वाऱ्यानं हाललाय तुमचा भवरा."

"वारा असता तर हलत राहिला असता, दादासाहेब. हा थांबलाय. भिंत बाहेर झुकलीय. पायाखालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, तिनं ढकललीय. चांगल्या गोदामाचा भाव मी ह्याला धरू शकत नाही."

दादासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "असं हाय? मग माझी सही तरी तुमाला कावून पाहिजे?"

कावेरी दाखल्याशिवाय परतली. बबनरावांकडे तिनं जसं होतं तसंच लिहून दिलं आणि चौसाळ्याला बापाकडे आली. अप्पा आधी चिडले. "एक भिंत सरळ लिवली असती तर आभाळ कोसळलं असतं का?"

"आभाळ नाही अप्पा, गोदाम कोसळलं असतं. आत माणसं काम करतात."

एवढं बोलली आणि मग तिचा बांध फुटला. मला मुठीत घट्ट धरून रडली. इतक्या वर्षांची मेहनत एका सहीपायी पाण्यात जाणार, हे तिला सहन होत नव्हतं. मलाही होत नव्हतं, पण ओळंब्याच्या हातात काय असतं? अप्पा उठले, आतून चिंचेचा कोळ आणला, तिच्या मुठीतून मला सोडवून घेतलं आणि लख्ख घासायला बसले.

दिवाळी सरली आणि एका दुपारी दुकानासमोर दादासाहेबांची जीप थांबली. योगायोगानं कावेरी तिथंच होती. दादासाहेब बाकड्यावर टेकले.

"आमच्या पोरीला, राजनंदिनीला, बीडला बंगला घ्यायचाय. विकणारा म्हणतो, एक नंबर माल. पन मला खरं सांगणारं माणूस पाहिजे. चला बाई."

अप्पा गप्प बसतात होय! "मंग गोदामाच्या टायमाला खरं कावून नको होतं?"

दादासाहेब गडगडून हसले. "अप्पा, तवा मी पैसे घेणार होतो. आता देणार हाय!"

बंगला खरंच देखणा होता. नवा गुलाबी रंग, पुढं तुळशीवृंदावन. कावेरीनं मला पिशवीतून काढलं, तेवढ्यात दादासाहेब म्हणाले, "थांबा. तुमचा तो दाखला काढा आधी."

"आत्ता नको. काम झाल्यावर बघू."

"न्हाई, आत्ताच. सही आधी घ्या, मग काय ते बोला. म्हंजे माझ्या तोंडाकडं बघून बोलायची पाळी न्हाई यायची तुमच्यावर."

त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. खरं सांगतो, त्या माणसाबद्दलचा माझा सगळा राग तिथंच उतरला.

तीन भिंतींना मी नीट टेकलो. मागच्या भिंतीपाशी सोडलं आणि पुन्हा तीच फट. वरून ताजा गिलावा, आत जुनं दुखणं. कावेरी शिडीवरून उतरली. "घेऊ नका, दादासाहेब."

"पोरीला लई आवडलाय हो."

"म्हणूनच सांगते. तुमची लेक इथं निजणार आहे."

दादासाहेबांनी भिंतीपाशी जाऊन ताज्या गिलाव्यावर बोटं टेकवली. मग हळूच म्हणाले, "गोदाम म्या मागच्याच महिन्यात उतरवलं. भिंत दोरी लावताच खाली आली. बाई, आत मानसं असताना न्हाई पडली, हे देवाचं उपकार. अन् तुमचं." आणि मोठ्यानं हाक मारली, "अरे, हितं समोर चहा मिळतो का बघा! आता तरी घ्याल ना?"

कावेरीनं दोन कप चहा घेतला.

लायसन आलं तेव्हा बीडच्या तिच्या नव्या ऑफिसवर तिच्या नावाची पाटी लागली. आत चौकटीत सरकारी कागद, आणि त्याच्याखाली खिळ्याला मी. अप्पा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पाटी दोनदा वाचली, मग माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मला बोटानं जरा हलवलं, थांबेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाले, "विकला गेला न्हाईस, लई बेस झालं बघ." त्यांचे डोळे भरले होते, आणि बोलत माझ्याशी असले तरी बघत लेकीकडे होते.

आता माझ्या अंगावर ओरखडे आहेत, दोरी कितीदा बदलली. तरी काम निघालं की ती मलाच खिळ्यावरून काढते. माझं एकच मागणं आहे. आमची कावेरीबाई तुमच्या दारी आली तर राग मानू नका, नि आग्रहही करू नका. आधण चुलीवर असू द्या. आधी मला तुमच्या भिंतीपाशी सोडा, मी थांबेपर्यंत थांबा, आणि मग सगळ्यांनी मिळून खुशाल चहा घ्या.