इंदूवहिनीचा व्यायाम

कोकिळाचं अंग ठणकायला लागलं, तेव्हा तिच्या थोरल्या जावेनं, इंदूनं, दिवेआगरच्या त्यांच्या आळीत घरोघरी जाऊन सांगितलं होतं, "सुपारी सोलायला नको, म्हणून नाटकं करते." रिपोर्ट सगळे चांगले आलेले, त्यामुळे लोकांनाही ते पटलं. मग अलिबागच्या डॉक्टरनं त्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया असं नाव दिलं आणि रोज चालायला सांगितलं, पण थोडं थोडं वाढवत. कोकिळा दातओठ खात किनाऱ्यावर चालत राहिली. दुखणं निम्म्यावर आलं. राग मात्र कणभर कमी झाला नाही.

आता तेच दुखणं इंदूच्या मानगुटीवर बसलं. डॉक्टर तोच, नावही तेच. इंदू मागच्या दारानं आली.

"कोकिळे, तुझा तो व्यायाम मलाही शिकव गो. पण कुणाला कळायला नको. लोक वाट्टेल ते बोलतात."

"ते मला चांगलं ठाव हाय, वहिनी. चला."

इंदू किनाऱ्याकडे वळली, तसा कोकिळानं तिचा हात धरला आणि तिला आळीत नेलं. पहिल्याच घराच्या पडवीत बायका सुपारी सोलत बसल्या होत्या.

"इथं कशाला?" इंदू कुजबुजली.

"माझ्याबद्दल सांगितलंत ते खोटं होतं, एवढं यांना सांगायचं. मग पुढं चालायचं."

इंदूनं आळीच्या टोकापर्यंत पाहिलं. "सगळ्या आळीत?"

"न्हाय वहिनी, एकदम जास्त करायचं नसतं," कोकिळा म्हणाली. "आज एकच घर. उद्या दोन."