उतरलेली सूज

हॉटेलच्या आरशांचं काम मिळण्यात थोरल्याचा फायदा उघड होता. लोकांच्या फोटोंना चौकटी ठोकणं कायमचं सुटणार होतं, आणि जावयाला चारचौघांत ‘आमचे काचवाले’ म्हणणाऱ्या सासऱ्याचं तोंड बंद होणार होतं. अडचण एवढीच, की नमुन्याच्या आरशाची कड घासणारा हात धाकट्या भावाचा होता आणि त्या हातात काचेची कपची घुसली होती.

कपची निघाली, पण तळवा लालभडक होऊन फुगला, ठणकू लागला. मोठ्या दवाखान्यात जाऊ, असा धाकट्याच्या बायकोने धोशा लावला. तिथे गेलं की हाताला आठवडाभर पट्टी, हे थोरल्याने ताडलं आणि आपल्या मेहुण्याला बोलावलं. मेहुणा कंपाउंडर होता. घरात त्याला सगळे डॉक्टर म्हणत, दवाखान्यात कोणी म्हणत नसे.

“सूज उतरवायची ना, दाजी? माझ्यावर सोडा.”

त्याने स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचलं, दुसऱ्या दिवशी आणखी एक. लाली गेली, हात निवला. तरी धाकट्याला हुडहुडी भरत होती म्हणून बायको त्याचं रक्त तपासून घेऊन आली. पांढऱ्या पेशी दुपटीने वाढल्या होत्या. मेहुण्याने कागद लांब धरून वाचला आणि फौज तयार आहे, आता कसली भीती, असं ऐटीत सांगितलं.

धाकटा घासायला बसला.

“दादा, बोटं बधिर वाटतायत.”

“एवढी कड होऊ दे, मग झोप हवा तेवढा.”

आरसा देखणा झाला. हॉटेलच्या मॅनेजरने त्यात स्वतःला न्याहाळलं आणि होकार दिला. त्याच संध्याकाळी धाकट्याची बोटं काळीनिळी पडली, तो तापात बरळू लागला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काय टोचलं होतं ते विचारलं. थोरल्याने मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्याने छताकडे पाहत स्टेरॉइडचं नाव सांगितलं. बाईंनी समजावलं, की ती सूज म्हणजे शरीराची लढाई होती. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून बाहेर पडतात, जखमेपाशी जाऊन जंतू खातात आणि तिथेच मरतात. इंजेक्शनने ते चिकटणंच सुटलं.

“पण रक्तात तर दुप्पट होत्या,” मेहुणा पुटपुटला.

“रक्तातच राहिल्या म्हणून तर मोजणीत दिसल्या. जखमेपाशी पोचल्या किती? जंतूंना रान मोकळं मिळालं.”

थोरला मान हलवत होता. बाकीच्या आरशांना पगारी कारागीर मिळेल का, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हाच सुरू झाला होता.

कारागीर मिळाला, हॉटेलचं कामही पार पडलं. मेहुण्याचं काहीच बिघडलं नाही. घरातले त्याला डॉक्टर म्हणताना आता जरा आवाज खाली करतात, इतकंच. हात वाचला हे काय कमी आहे, असं थोरला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. गेली ती धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटं. आणि जिचं कोणी ऐकलं नाही, ती त्याची बायको रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून देते.