न तुडवलेली फुलं

मी फळी आहे. पाइनची, बारा फुटी, मधोमध थोडी वाकलेली. गुड फ्रायडेला आमच्या ग्वातेमालातल्या गल्ल्यांमध्ये रंगीत भुशाचे आणि फुलांचे गालिचे घालतात, आणि ख्रिस्ताच्या मूर्तीची मिरवणूक ते तुडवत जाते. तेव्हा मला दोन्हीकडच्या विटांवर आडवं टाकून लोक माझ्यावर पालथे पडतात. मधली नक्षी भरायची, तर माझ्याशिवाय इलाज नाही.

मला त्रान्सितो सुतारानं रंधा मारून घडवलं. त्याची मुलगी एर्लिंदा सातव्या वर्षी माझ्यावर पडूनच फुलं लावायला शिकली. "घाई नको, पोरी," तो म्हणायचा, "यावरून देव जाणार आहे." तेव्हा म्हातारा बरा होता. किंवा मला अक्कल नव्हती.

गेल्या वर्षी एर्लिंदाला लग्नाशिवाय दिवस गेले. बापानं घराबाहेर काढलं. जाताना तिनं फक्त मला उचललं. बाळ अकरा दिवस जगलं. मातीला आजोबा आला नाही. आजी आली, पण शाल तोंडावर ओढून, कुणी ओळखू नये म्हणून.

यंदा भाड्याच्या खोलीसमोर तिनं एकटीनं गालिचा घातला. मधोमध अकरा पांढरे गुलाब.

"अगं, कंबर मोडेल," समोरची तोमासा म्हणाली. "तुझा बाप घंटा घेऊन मिरवणुकीच्या पुढं असणार. त्याच्यासमोर ताठ उभी राहा तरी."

"बापाचं काही नको मला, मावशी. मूर्ती यावरून गेली की माझं बाळ तिच्यामागनं जाईल. तेवढं झालं की बास."

मिरवणूक आली. ऐंशी माणसांच्या खांद्यांवर ख्रिस्ताची मूर्ती, पुढं त्रान्सितो. गालिच्यापाशी त्यानं घंटा वाजवली. "विजेच्या तारा खाली आल्यात. डावीकडच्या बोळातनं घ्या."

तारा दरवर्षीच खाली असतात. त्या वर धरायला लांब काठ्या घेतलेली दोन माणसं त्याच्या बाजूलाच होती. एकानं काठी लावलीसुद्धा. "उचलतो की, काका."

"वळा म्हटलं ना."

ऐंशी खांदे मुकाट वळले. मागून मेणबत्ती घेऊन एर्लिंदाची आई येत होती. ती थांबली. गुलाब मोजत असावी, ओठ हलत होते. मग तीही वळली.

एर्लिंदा फुलांवर पाणी शिंपडत राहिली. तीन वाजता झाडूवाले आले आणि अख्खा गालिचा बघून थबकले.

"बाई, मिरवणूक यायचीय अजून?"

"हो."

ते सावलीला टेकले. बऱ्याच वेळानं त्यांच्यातला एक खाली बघत म्हणाला, "बाई, मूर्ती चर्चमध्ये पोचली. आम्ही तिथनंच आलो."

"मग झाडा," ती म्हणाली आणि आत गेली.

आठवड्यानं तिनं गाव सोडलं. मी तिथंच राहिले. नवे भाडेकरू माझ्यावर पातेली मांडतात. त्रान्सितोच्या हातात अजून घंटा आहे, आणि गाव त्याला अजून वाकून नमस्कार करतं.

तुम्हाला एकच सांगते. कुणाच्या दारात अशी फुलं अंथरलेली दिसली, तर सोवळं सांभाळत बाजूनं जाऊ नका. तुडवा.