पाय माकणीत, डोकं बर्फावर

बोलतोय तो मी वेळू. माझं डोकं सध्या कॅनडात बर्फावर आहे आणि पाय माकणी गावात, गुंडाप्पा धनगराच्या उंबऱ्याशी. तासताना जो भुसा निघाला तो सारजाबाईच्या चुलीत गेला. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटंल. मलाही कधी कधी स्वप्नच वाटतं. पण तुम्हाला घाई नसेल तर बसा, सावकाश सांगतो.

माझा जन्म तेरणा नदीच्या काठचा. तिथं आमचं वेळूंचं बेट होतं. आता त्या जागेवर धरणाचं पाणी उभं आहे, आणि पाण्याच्या तळाशी आमची मुळं अजून एकमेकांना धरून असतील असं मला वाटतं. काही वेळू पोकळ असतात, ते वाऱ्यात गातात. मी भरीव. आम्हाला गाता येत नाही, आम्ही नुसतं ऐकतो.

पाणी चढायच्या आधी गुंडाप्पानं मला तोडलं. तेव्हा तो मिसरूड फुटलेला गडी होता. त्यानं मला धगीवर धरून सरळ केलं, जवसाचं तेल पाजलं आणि खांद्यावर घेतलं. तिथून मी त्याच्या मेंढरांमागं चालत राहिलो. मी त्यातल्या एकाही मेंढराला कधी मारलं नाही. गुंडाप्पा मला नुसता आडवा धरायचा अन् कळप वळायचा.

धनगर माणूस काठीवर हनुवटी टेकवून उभा राहतो, ते तुम्ही पाहिलं असंल. तेव्हा तो झोपलेला नसतो आणि जागाही नसतो. त्या वेळी त्याच्या डोक्यातलं सगळं हळूहळू काठीत उतरतं. माझ्यात गुंडाप्पाचं असं पुष्कळ उतरलेलं आहे. म्हणून तर मी त्याच्यासारखा बोलतो.

त्या घरात एक रीत होती. काठी जमिनीवर आडवी टाकायची नाही. मेंढरं कोंडून झाली की गुंडाप्पा मला दाराशेजारी भिंतीला उभा करायचा. त्याची बायको सारजाबाई चुलीपुढून मान वळवून बघायची. काठी उभी दिसली म्हणजे माणूस घरी आलं. मग ताट वाढायचं. हाक नाही, विचारणं नाही.

त्यांचा मुलगा धाराशिवला नोकरीला लागला आणि तिकडंच राहिला. त्याची मुलगी समृद्धी मात्र दर उन्हाळ्यात माकणीला यायची. मेंढरं धरणाच्या कडेला पाणी पीत, तोवर गुंडाप्पा माझ्या शेंड्याला दोरा अन् गळ बांधून मला तिच्या हातात द्यायचा. गळाला भाकरीचा गोळा. मी तिच्या दुप्पट उंच. तिचे हात भरून आले की ती मला ओल्या मातीत उभा रोवायची आणि म्हणायची, "आज्जा, काठी उभी हाय. आपण घरी आलो." मग दोघं फडक्यातली भाकरी सोडून जेवायची. मासा लागला तर लागला.

दिवस असे सरले, की सरताना कळलं नाही. गुंडाप्पाचे गुडघे धरले, मेंढरं विकली. मी बराचसा दाराशीच उभा असायचो. समृद्धी नर्स झाली आणि कॅनडात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला गेली. ती दर रविवारी फोन करायची. तिकडं सकाळ असायची, इकडं दिवेलागण. फोनमध्ये तिचं तोंड दिसायचं. सारजाबाई विचारायची, जेवलीस का. ती म्हणायची, व्हय.

गुंडाप्पा तोंडाकडं कमी आणि तोंडामागं जास्त बघायचा. मेंढरू आजारी आहे हे त्याला मेंढराच्या उभं राहण्यावरनं कळायचं. एका रविवारी फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "पोरगी पडदा उघडत न्हाय. सकाळच्यालाबी दिवा लावून बसती."

पुढच्या फोनला त्यानं तिला गोड बोलून बोलतं केलं. कामावरून आलं की ती खोलीत शिरते, ती दुसऱ्या दिवशी कामालाच निघते. भाईर सगळं पांढरं, कुठं जायचं आज्जा, म्हणाली. बोलता बोलता एक गोष्ट तिच्या तोंडून निसटली. तिकडं तळं गोठतं. माणसं त्याच्यावर चालत जातात, भोक पाडतात अन् हातभर काठीनं मासे धरतात. कामावरच्या बायका तिला दर रविवारी बोलावतात. ती जात नाही. माझ्याकडं सामान न्हाय, असं तिनं त्यांना सांगून टाकलंय.

गुंडाप्पानं हे सगळं ऐकून घेतलं. नंतर तो पुष्कळ वेळ माझ्यावर हनुवटी टेकवून उभा होता. शेवटी सारजाबाईला म्हणाला, "सामान न्हाय म्हनती न्हवं? मग सामान करू. तेवढी एक अडचण तरी तिला राहू नये."

आता माकणीत गोठलेलं तळं कुणी पाहिलंय? गुंडाप्पाला बर्फ माहीत होता तो धरणाच्या कडेला, महांतप्पा मासळीवाल्याच्या थर्माकोलच्या पेटीतला. रोहू, कटला हे मासे जिल्ह्याला पाठवताना वर टाकतात तो. गुंडाप्पानं तिथंच कॅनडा मांडला.

आधी त्यानं शेजारच्या बांधावरचा हिरवा वेळू आणला, हातभर तोडला आणि भिजवून, बर्फ आणखी गार व्हावा म्हणून मीठ टाकून, पेटीत ठेवला. बर्फात राहून तो बिचारा उभा चिरला. हिरव्याच्या अंगात पाणी असतं, ते गोठून आतून फुगतं. मग मुलानं धाराशिवच्या बाजारातून फायबरची काठी पाठवली. हलकी, झगझगीत. पण दोरा ओवायच्या तिच्या कड्या एवढ्या बारीक, की बर्फाचा चुरा त्यात बसला अन् दोरा जागीच अडकला. गुंडाप्पानं ती उन्हात धरली, चुरा वितळला, पुन्हा पेटीत ठेवली, पुन्हा अडकली. महांतप्पा गंमत बघत होता. म्हणाला, मामा, मासं सोडून काठ्याच विकायला काढू का आता?

गुंडाप्पा घरी आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. वाळका, भरीव, वर्षानुवर्षं तेल प्यालेला. माझ्यात फुगायला पाणीच उरलेलं नव्हतं. त्याला काय पाहिजे ते मला कळलं. त्यानं मला विचारलं नाही. नुसती हनुवटी टेकवली. मी त्याचं वजन पेललं. आमच्यात हो म्हणायची हीच पद्धत.

करवत लावायला त्यानं मला जमिनीवर आडवं केलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. भीती वाटली हे खरं. पण त्यानं करवतीआधी माझ्यावरनं तळवा फिरवला, मग माझी भीती मागं पडली. दुखलं असं नाही. पहाटेच्या झोपेत एक पाय गोधडीबाहेर राहतो आणि तो आपला नाहीच असं वाटतं, तसं काहीसं झालं.

वरचा निमुळता भाग त्यानं घेतला. काचेच्या तुकड्यानं खरवडत खरवडत शेंडा इतका बारीक केला की माशी बसली तरी लवावा. कड्या मोठ्या पाहिजेत हे बाजारच्या काठीनं शिकवलंच होतं. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्यांच्या कड्या खुंटीला लटकून होत्या, त्या त्यानं घासून दोऱ्यानं आवळून बसवल्या. शेंड्याला कोकराचं एक घुंगरू बांधलं. हाताच्या जागी लोखंड नको, लाकूडही गार पडंल, म्हणून सारजाबाईनं काळ्या लोकरीचं सूत कातलं. त्याचे वेढे घट्ट दिले, वरून घोंगडीला देतात तशी चिंचोक्याची खळ दिली. सूत कातताना ती कुरकुरत होती.

"काठी तोडलाव. आता तुमी घरी आलाव का न्हाय, मला कसं कळायचं?"

"खोकतो की म्या."

"खोकता तर तुमी रानातबी."

गुंडाप्पा हसला. माझा खालचा तुकडा त्यानं उचलला आणि दाराशेजारी, नेहमीच्या जागी उभा केला. तो त्याच्या कमरेलाही येईना. सारजाबाईनं मान वळवून पाहिलं. मग ताट वाढलं.

पारख राहिली होती. गुंडाप्पा मला महांतप्पाच्या पेटीशी घेऊन गेला.

"मामा, मासं धरायच्या काठीला माशातच निजवाय लागलाव का?"

"निजवू नकू. उभीच ठिव."

महांतप्पानं हसत हसत बर्फाच्या बादलीत मला उभा रोवला, माझ्या भोवती रोहू लावले. ती थंडी काय सांगू! आधी टोचली, मग तिनं मला झोपवलं. स्वप्नात तेरणा थांबली होती. लाटा होत्या तशा उभ्या होत्या. भोवतीचे मासे डोळे मिटत नव्हते. मी त्यांना विचारलं, सगळं पाणी असं थांबतं का हो? त्यातला एक म्हणाला, वरवर थांबतं. खाली वाहतंच.

बाहेर काढलं तेव्हा मला चीर नव्हती. कडीतून दोरा सुरसुर निघाला.

जळकोटच्या पाहुण्यांचा मुलगा नंदीश कॅनडात समृद्धीच्याच गावी नोकरीला निघाला होता. तो भला पोरगा. पण मला हातात घेऊन अवघडला. म्हणाला, आज्जा, असल्या काठ्या तिथं दुकानात रांगेनं मिळतात. गुंडाप्पा म्हणाला, "दुकानातली काठी समृद्धीला वळखती का?" नंदीशनं मग मला धोतराच्या फडक्यात गुंडाळून बॅगेत कपड्यांमध्ये ठेवलं. आडवंच ठेवावं लागलं. जमंल तवा उभी कर, एवढं गुंडाप्पानं त्याला दोनदा सांगितलं.

नंदीशनं मला समृद्धीच्या दारात पोचवलं. तिनं फडकं न सोडताच मला छातीशी धरलं, आणि मग कपाटामागं सारून दिलं. का, ते मला कळत होतं. सोडलं असतं तर रडावं लागलं असतं, आणि रडून झाल्यावर बाहेर जावं लागलं असतं.

तिथं मी आडवा पडून होतो. डोकं आडवं आणि पाय उभे, अशी गुंगी कधी कुणाला आली नसंल. इकडं माकणीत पायाशी कोंबड्या टिपायच्या, सारजाबाई सडा टाकायची. तिकडं खोलीतला पंखा गरम हवा घुमवायचा. फोन यायचे. ती जेवले म्हणायची, आणि चुलीच्या जागी काहीच शिजलेलं नसायचं. तिच्या पायांचा आवाज दिवसेंदिवस हलका होत चालला होता. गुंडाप्पानं माझं नाव एकदाही काढलं नाही. नुसता तिच्या मागच्या पडद्याकडं बघायचा, अन् फोन ठेवल्यावर दारात येऊन माझ्या तुकड्यावर हात ठेवायचा. त्या हाताचा घाम माझ्या पायाला कळायचा.

एके दिवशी तिच्या फोनचा चार्जर कपाटामागं पडला. तिनं हात घातला. चाचपडताना बोट फडक्यातल्या घुंगराला लागलं.

कोकरू आईला शोधत येतं तेव्हा होतो तेवढाच आवाज. पण तिचा हात थांबला. मग तिनं मला ओढून काढलं, फडकं सोडलं, लोकरीला नाक लावलं. खळीचा वास, मेंढराचा वास. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मनमोकळं रडली. रडून झाल्यावर तिला माझ्यावरची कड्यांची बांधणी नीट बघायची होती. दिव्याच्या उजेडात दिसेना. म्हणून ती उठली आणि तिनं पडदा उघडला.

रविवारी ती त्या बायकांबरोबर निघाली.

तळं म्हणजे नुसतं आभाळ खाली अंथरलेलं. त्याच्यावरून माणसं चालत होती. त्यांच्याकडं रंगीत तंबू, दोरा गुंडाळायच्या चकचकीत चाकांच्या काठ्या, मासा कुठं फिरतोय ते दाखवणारी यंत्रं. मला पाहून त्या बायका हसल्या, पण हसण्यात काटा नव्हता. एका थोराड बाईनं हातमोजा काढून माझी लोकर धरून पाहिली आणि लवकर सोडली नाही. मग त्यांनी बर्फाला भोक पाडलं. खाली काळं पाणी हललं. बादलीतल्या माशानं खरं सांगितलं होतं.

पुष्कळ वेळ काही लागलं नाही. समृद्धीची बोटं आखडली. बाकीच्यांनी आपापल्या काठ्या बर्फावर आडव्या टेकवल्या होत्या. तिनं इकडंतिकडं पाहिलं, बुटानं बर्फाचा चुरा गोळा केला, थापला, आणि त्यात मला उभा रोवला. विचार करून केलं नाही. तिच्या हातांनाच ते आठवलं.

घुंगरू वाजलं. मासा अंगावर हिरवे पट्टे असलेला, वीतभर. तिनं तो सगळ्यांना दाखवला आणि पुन्हा पाण्यात सोडला. त्या वेळी इकडं माकणीत माझ्या पायाला गुदगुल्या झाल्या, आणि दारात बसलेल्या गुंडाप्पानं उगीचच माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात इकडं फोन वाजला, समृद्धीचाच. आज तिच्या तोंडामागं भिंत नव्हती, पडदा नव्हता. नाक लाल झालं होतं. गुंडाप्पानं मासा लागला का असं विचारलं नाही.

"काठी कुठं हाय गं?"

तिनं फोन वळवला. सगळं पांढरं, आणि मध्ये मी एकटा काळ्या लोकरीचा. गुंडाप्पा बघत राहिला. मग त्यानं फोन चुलीकडं धरला. सारजाबाई हात पुसत आली आणि नेहमीसारखी मान वळवून तिनं त्या फोनमध्ये पाहिलं.

"उभी हाय की," ती म्हणाली. "मग जेव आता, बाई."

समृद्धीनं पिशवीतून डबा काढला. पोळी थंडीनं कडक झाली होती. ती तिनं दातात धरून मऊ केली आणि पालथ्या बादलीवर बसून सगळी खाल्ली. इकडं सारजाबाईनं गुंडाप्पाचं ताट वाढलं. फोन त्यांनी ताटाशेजारी उभा करून ठेवला होता, तो कुणी बंद केला नाही.

आता मी तिच्या दाराशी उभा असतो. रविवारी बर्फावर उभा असतो. उन्हाळ्यात बर्फ वितळतो म्हणतात, तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही. गुंडाप्पा थकला आहे, हात ठेवतो तो पूर्वीपेक्षा जड पडतो. माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरातलं कुणी लांब गेलं असंल तर त्याच्या हाताला ओळखीचं असं काहीतरी द्या, आणि मला कधी आडवं टाकू नका.

दोन्हीकडं मी उभा आहे. ताट वाढा.