बाळसाठी लिहिलेलं शिफारसपत्र

अनुदान एकच होतं आणि ते मला हवं होतं. बाळलाही हवं होतं, पण मला हवं असणं आणि त्याला हवं असणं यात फरक आहे. त्याला हव्या असलेल्या गोष्टी त्याला मिळतात.

बाळ म्हणजे माझा चुलतभाऊ. वय एकतीस, उंची सहा फूट. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, म्हणून मला दादा म्हणतो आणि चारचौघांत तरुण ठरतो. तो बासरी वाजवतो, मी व्हायोलिन. शिकलो एकाच बाईंकडे. बाई एक्याऐंशीच्या आहेत आणि त्यांच्या डोक्यात अडतीस जुन्या बंदिशी आहेत, ज्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या रेकॉर्ड करून ठेवायला एक संस्था वर्षभर पैसे देणार होती. मला की बाळला, एवढंच ठरायचं होतं.

अर्जाला गुरूचं शिफारसपत्र लागतं. आमच्यात रीत अशी की पत्र शिष्याने लिहायचं आणि गुरूने खाली सही करायची. मी माझं लिहून नेलं. बाईंनी चष्मा लावला.

"'शतकातून एखादाच'. कोण रे हा?"

"नमुना आहे, बाई."

"फाड." मग बासरी पुसत बसलेल्या बाळला म्हणाल्या, "तू याचं लिही, हा तुझं लिहील. एकमेकांना दाखवायचं नाही. थेट माझ्याकडे."

खोटं लिहायचं नाही हे माझं तत्त्व आहे, कारण खोटं पकडलं जातं. म्हणून मी खरंच लिहिलं, फक्त निवडून. 'हा वेळेवर येतो. बासरी स्वच्छ ठेवतो. शिकवलं तेवढंच वाजवतो, मनाचं काही घालत नाही.' असल्या पत्रावर कुणी त्याला कुंपण रंगवायलाही ठेवलं नसतं. अकरावी बंदिश तो वाजवतो तेव्हा मला पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जावं लागतं, हे मी लिहिलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

दोन महिन्यांनी निकाल लागला. बाळला अनुदान. सोबत समितीचा शेरा: 'बंदिशी जशाच्या तशा जपायच्या आहेत. अर्जदार मनाचं काही घालत नाही, ही बाब निर्णायक ठरली.'

माझ्या अर्जावरचा शेरा: 'अर्जदार असामान्य प्रतिभेचा दिसतो. या कामी धोका वाटतो.'

मी तडक बाईंकडे गेलो. "काय लिहिलं होतं त्याने?"

बाईंनी ड्रॉवरमधून प्रत काढून दिली. बाळने बाईंच्या वतीने छान सुरुवात केली होती, पण शेवटी त्याचं भान सुटलं होतं. 'हा एकच बंदिश दोनदा सारखी वाजवत नाही. मला ते कधीच जमणार नाही. लहानपणापासून मला त्याचा हेवा वाटतो.' खाली बाईंची सही.

"बाई, तुम्हाला लहानपणापासून माझा हेवा वाटतो, असं समितीला वाटलं असेल."

"वाटू दे. या वयात माझं काय बिघडतंय?"

"पण तुम्ही सही कशी केलीत?"

"खरं होतं म्हणून."

"आणि मी लिहिलेल्यावर?"

"तेही खरंच होतं की. स्वच्छ ठेवतो हो तो बासरी." चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी पाणी प्यायला उठलो.

इतकी वर्षं त्याच्यावर जळणं ही माझी खासगी मालमत्ता होती. आता तिथेही बाळ येऊन बसला होता, आणि माझ्याआधीपासून. वर त्याने ते सही घेऊन पाठवलं होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"दादा, चिडलायस?"

"छे. अभिनंदन."

"ऐक ना, सात बंदिशी मुळात व्हायोलिनच्याच आहेत. बाई म्हणतात, त्या बासरीवर नकोत. सोमवारपासून येशील?"

"पण मी मनाचं घालतो."

"घाल. आधी बाई सांगतील तसं एकदा वाजव, मग तुझं. दोन्ही ठेवू. मी समितीला विचारलंय."

विचारूनही झालं होतं. याला म्हणतात बाळ.

"डायरी बघून सांगतो," मी म्हणालो.

सोमवार कोरा होता. मंगळवारही. तो फोनवर थांबला होता, म्हणून मी डिसेंबरपर्यंत एकेक पान उलटत गेलो, त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात.