नंदीच्या कानातला अंदाज

सोमवारी सकाळी आनंदीबाईंनी न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणे सरकवली, पाण्याचा हंडा चढवला आणि न्याहारीच्या मऊभातासाठी तांदूळ धुतले. त्यांचे यजमान, आप्पा, ओटीवर अडकित्ता घेऊन बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ते सुपारी आधी बोटांनी चाचपत आणि मग कातरत. त्यांच्या सुनेने, मनस्विनीने, डब्यात पोळ्या आणि कोवळ्या फणसाची, कुयरीची, भाजी भरली, अकरावीचे तपासलेले पेपर पिशवीत घातले आणि "येते हो" म्हणून ती दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरू लागली. तिचा नवरा अपूर्व बोटीवर नोकरीला होता. वर्षातले बरेचसे महिने घरात ही तीनच माणसे असत. मनस्विनी स्वतः रत्नागिरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवी.

एसटीचा थांबा महिपतशेटच्या शेडसमोर होता. महिपतशेट आंब्याचा व्यापारी. मोहोर गळून कणी, म्हणजे अगदी बारीक फळ, धरली, की तो गावातल्या बागा कराराने घेई. कलमांवर किती फळ उतरेल याचा अंदाज दोन्ही बाजूंनी करायचा, त्यावर रक्कम ठरवायची. पुढचे फळ आणि पुढची जोखीम व्यापाऱ्याची, अशी रीत. एप्रिलात ज्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्या भरल्या जात, तिथे २००१ सालच्या त्या फेब्रुवारीत मात्र संख्यानंद महाराज बसले होते.

त्या दिवशी गाडी उशिरा येणार होती. मनस्विनी रस्ता ओलांडून गर्दीच्या कडेला उभी राहिली.

शेडच्या मध्यभागी सोललेल्या सुपाऱ्यांची रास होती. मागे फळ्यांचा आडोसा, आडोशाला पाठ टेकवून पितळी पत्रा ठोकलेला लाकडी नंदी, आणि त्याच्या शेजारी पाटावर महाराज. घाटावरून आलेले, गोरेगोमटे, आवाजाने भरदार.

"भक्तहो, माणसाच्या मनात आकडा असतो. आकड्यात अहंकार असतो. तो अहंकार नंदीच्या कानात सोडा. तुम्ही रिते व्हा. रितेपणातून सत्य आपोआप प्रकटेल."

या वाक्याचा अर्थ कोणालाच लागला नाही. त्यामुळे ते सर्वांना फार खोल वाटले. तीसएक माणसे एकामागून एक पुढे गेली. राशीकडे बघून ज्याने त्याने आपला अंदाज नंदीच्या कानात पुटपुटला. मग आरती झाली. आडोशामागून एक शिष्य तीर्थाचे भांडे घेऊन आला, महाराजांच्या कानाशी वाकला आणि परत गेला. महाराजांनी डोळे मिटले.

"तेराशे चाळीस."

दोघांनी पाच-पाचच्या वाट्याने सुपाऱ्या मोजल्या. तेराशे अठ्ठावीस भरल्या. गर्दीतून कौतुकाचा हुंकार उठला.

"बारा सुपाऱ्या नंदीने प्रसाद म्हणून घेतल्या," महाराज म्हणाले. लोकांनी हात जोडले.

गाडी आली. खिडकीशी बसल्यावर मनस्विनीच्या मनात त्या बारा सुपाऱ्या घोळत राहिल्या. ज्याला दिव्य दृष्टीने दिसते, त्याला बारा सुपाऱ्या जास्त कशा दिसतात? देव चुकणारच नाही, आणि भोंदू चुकला तर चांगला शेकड्यांनी चुकेल. थोडासाच चुकतो, तो अंदाज. पण मग हा अंदाज कोणाचा?

त्या संध्याकाळी आप्पांनीच विषय काढला. "पुढल्या सोमवारी महाराज आपल्या बागेचा आकडा सांगणार आहेत. त्यावरच महिपतशेटला शब्द देऊन टाकतो."

"आप्पा, चाळीस वर्षं तुम्हीच तुमच्या कलमांचा अंदाज करता आहात."

"करत होतो. गेली दोन वर्षं चुकलो. पहिल्या वर्षी जास्त सांगितला, महिपतशेट बोंबलला; दुसऱ्या वर्षी कमी, मी बुडालो. आता कलमाखाली उभं राहिलं की फांदी दिसते, कणी दिसत नाही. देवाने सांगितलेलं बरं. निदान भांडण तरी देवाशी."

"गंगुबाईंच्या बागेचं काय झालं ठाऊक आहे ना?"

गंगुबाई शेजारची. पंधरा दिवसांपूर्वी तिने महाराजांच्या आकड्यावर बाग दिली होती. इतका कमी आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला होता, पण देवाशी घासाघीस कशी करायची?

"तिचं नशीब," आप्पा म्हणाले, पण नजर चुकवून.

आनंदीबाई इतका वेळ कोकमं निवडत होत्या. "मी काय म्हणते, आमच्या माहेरी केळशीत नंदी दगडाचा. तो शंकराकडे बघतो. हा मेला गर्दीकडे बघत बसलाय. आणि त्याच्या कानाला तंबाखूचा वास येतो."

"काहीतरी बोलू नको."

"मी नाक लावून आल्ये, तुम्ही नाही."

बुधवारी अकरावीच्या वर्गात मनस्विनीने आधी दिलेला गृहपाठ विचारला. बाजारात, गाडीत, सिनेमात, टीव्हीवर, जिथे दिसेल तिथे अर्थशास्त्र शोधून आणायचे होते. एकाने सांगितले, की सिनेमाच्या तिकिटाचा काळाबाजार म्हणजे मागणी आणि पुरवठा. दुसऱ्याने मिरकरवाड्याच्या धक्क्यावरचा मासळीचा लिलाव आणला: बोटी कमी आल्या, की सुरमई चढते. मग ईशा नावाची मुलगी उभी राहिली.

"बाई, रात्री टीव्हीवर ती प्रश्नांची स्पर्धा लागते ना, त्यात अडलं की प्रेक्षकांना विचारतात. ते बहुतेक वेळा बरोबर असतात. एकेकटे ते काही फार हुशार नसणार. मग सगळे मिळून कसे काय हुशार होतात?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, चुकणारे वेगवेगळ्या बाजूंना चुकतात."

मनस्विनीने हातातला खडू खाली ठेवला. मग तिने शिपायाकडून चिंचोक्यांची बरणी मागवली. मुलांनी एकेक करून, दुसऱ्याला ऐकू न जाता, आपला अंदाज तिला सांगितला. कोणी तीनशे म्हणाले, कोणी हजार. सरासरी आली सहाशे सत्तावीस. बरणीत सहाशे चाळीस चिंचोके निघाले. ईशा सोडून सगळा वर्ग जादू बघितल्यासारखा बरणीकडे बघत राहिला.

मनस्विनीला आता महाराजांची सगळी विद्या समजली होती. सुपारी आणि आंब्यात जन्म गेलेली तीस माणसे. कोणी वाढवून सांगणार, कोणी हात राखून. सगळ्यांचे मिळून बरोबर येणार. दिव्य दृष्टी गावाचीच होती. आडोशामागे कोणीतरी नंदीच्या कानातले आकडे ऐकून बेरीज आणि भागाकार करत होते, महाराज फक्त उत्तर सांगत होते.

पण मग गंगुबाईचा आकडा? घरी परतताना तिला गंगुबाईने सांगितलेले आठवले: बागेच्या वेळी नंदीला कोणी काही सांगितलेच नव्हते. महाराजांनी नुसते डोळे मिटले होते. सुपाऱ्या तिथल्या तिथे मोजता येतात, म्हणून तिथे खरा आकडा. बागेचे फळ मोजेपर्यंत ते व्यापाऱ्याच्या पेट्यांत गेलेले असते, म्हणून तिथे व्यापाऱ्याच्या सोयीचा आकडा. पत कमवायची सुपाऱ्यांवर आणि खर्चायची बागांवर.

हे तिने आप्पांना सांगितले. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तू शिकलेली आहेस. तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण हे सगळं तुझ्या डोक्यातलं. महाराजांचा आकडा मानीन, असं मी महिपतशेटला बोलून बसलोय. दाखव, मग बघू."

दाखवायचे कसे, हे आनंदीबाईंच्या शेजारी भाजी चिरताना सुचले. आनंदीबाईंच्या भजनी मंडळात चौदा बायका होत्या. दर सोमवारी त्या शेडमध्ये पुढे बसत.

"आई, तुम्ही सगळ्यांनी नंदीच्या कानात पाच हजार म्हणायचं. रास केवढीही असली तरी."

"खोटं बोलायचं? नंदीच्या कानात?"

"नंदी असेल तर त्याला खरं दिसतंच आहे. तुमच्या सांगण्याने तो फसणार नाही. फसला, तर तो नंदी नाही."

आनंदीबाईंनी विळी थांबवली. जरा विचार केला. "गंगुबाईला मी सांगत्ये. ती तर दहा हजार म्हणेल."

"नको. पाचच."

सोमवारी मनस्विनीने रजा घेतली. रास मागच्या वेळेपेक्षा लहान होती. आप्पा पुढच्या बाकावर, त्यांच्या शेजारी महिपतशेट. त्याने आप्पांसाठी खास उशी आणली होती. इतकी काळजी त्याने पूर्वी कधी घेतल्याचे मनस्विनीला आठवेना.

माणसे पुढे गेली. बायका पुढे गेल्या. आनंदीबाईंनी सर्वांच्या शेवटी नंदीच्या कानाला तोंड लावले आणि नाक मुरडत मागे आल्या. आरती झाली. शिष्य तीर्थ घेऊन आला, वाकला, गेला. महाराजांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर तीच अपार शांतता.

"एकोणतीसशे वीस."

माणसे राशीकडे पुन्हा वाकून बघू लागली. मग मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "महाराज, ही रास बाराशेच्या वर जायची नाय. पोर पण सांगेल."

"मनुष्याची दृष्टी वरवरची असते, बाबा. आत बघायला शिक."

"आत काय, सुपारीच्या आत सुपाऱ्या हायत?"

हशा पिकला. महाराज घाटावरचे, सुपारीची रास त्यांनी या गावात येण्याआधी कधी पाहिली नसावी. आणि आडोशामागे बेरीज करणाऱ्याला तर रास दिसतच नव्हती. मोजणी झाली. एक हजार शहाण्णव.

"आज कोणीतरी अपवित्र मनाने आलं आहे," महाराज म्हणाले. आवाजातला भरदारपणा थोडा ओसरला होता. "नंदी रुष्ट आहे."

"मग त्याला आंघोळ घालूया," आनंदीबाई म्हणाल्या, आणि कोणी हलायच्या आत त्यांनी अभिषेकाचा तांब्या नंदीच्या कानात रिकामा केला.

आडोशामागे कोणाला तरी जोराचा ठसका लागला. तो थांबेचना. महिपतशेट उठला, तशी मागच्या रांगेतली दोन माणसेही उठली आणि त्या दोघांनी फळ्या बाजूला केल्या. दचकून तोंडातली तंबाखू घशात गेलेला शिष्य ओली मांडी झटकत बसला होता. नंदीच्या कानातून पोटामार्गे बाहेर निघालेली रबराची नळी त्याच्या कानाशी येत होती. पुढ्यात कॅल्क्युलेटर होता आणि बाजूला तंबाखूची डबी.

हे मनस्विनीच्या योजनेत नव्हते. तिला बोलायचे होते ते सर्व तिने तयार करून आणले होते. आता त्यातले निम्मे अनावश्यक झाले होते. तरी ती पुढे गेली.

"मागच्या सोमवारचा आकडा महाराजांचा नव्हता," ती म्हणाली. "तो तुमचा होता. तुमच्यातला प्रत्येकजण थोडा थोडा चुकतो. कोणी वर, कोणी खाली. सगळ्यांचं एकत्र केलं, की चुका एकमेकींना खातात आणि खरं उरतं. आज आम्ही चौदा जणींनी ठरवून खोटं सांगितलं, तर देवही तेवढाच खोटा बोलला. बाजारभाव म्हणतात तो तरी वेगळा काय असतो? सगळ्यांचे अंदाज एका ठिकाणी आलेले असतात."

"मग बागांचे आकडे?" गंगुबाईने विचारले. ती महिपतशेटकडे बघत होती.

"बागेच्या वेळी तुम्हाला कोणी विचारलंच नाही. ते आकडे कोणाचे, ते तुम्हीच ओळखा."

"मी पण फसलोच की," महिपतशेट म्हणाला. "भल्या मनाने साधू आणला गावात."

"तर मग बरं झालं," आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "तू फसलास म्हणजे गंगुबाईचा करार तुलाही नकोच असेल. परत नव्याने बसा."

महिपतशेटने चारी बाजूंना बघितले. शेडमध्ये एकही माणूस हसत नव्हता. "बसू," तो म्हणाला.

महाराज दुपारच्या गाडीने गेले. नंदी शेडमध्येच राहिला. देवाची मूर्ती टाकायची कुठे आणि ठेवायची कशी, या विचाराने त्याला कोणी हात लावला नाही. लोक कुजबुजत होते, की महाराज खोटे असतील, पण दुसरे कोणी खरे असू शकते. मनस्विनीने ते ऐकले आणि तिला फारसे आश्चर्य वाटले नाही. एका सकाळीत एवढेच घडू शकते. एखाद्याने आकडा सांगितला, की तो आला कुठून आणि तो खरा मानल्याने कोणाचा फायदा, एवढे दोन प्रश्न जरी गावाने पुढे विचारले तरी पुष्कळ झाले.

घरी आल्यावर आप्पा बराच वेळ ओटीवर सुपारी कातरत होते. शेवटी त्यांनी तिला हाक मारली.

"तू म्हणतेस त्यात माणसं किती लागतात?"

"जितकी जास्त तितकं बरं. पाच-सहाही चालतील. फक्त कलमांची ओळख हवी, आणि एकाने दुसऱ्याचं ऐकता कामा नये."

"ऐकलं तर?"

"तर सगळे एकाच बाजूला चुकतील."

"आणि माझ्यासारखा, ज्याला दिसत नाही तो?"

"तुम्ही फांदी हाताने वाकवून बघता. तसं दुसरं कोणी बघत नाही. तुमचाही आकडा धरायचा."

आप्पांनी मान हलवली. 

दुसऱ्या दिवशी मनस्विनी डबा भरून बाहेर आली, तेव्हा आप्पा ओटीवर नव्हते. आनंदीबाईंनी हाताने बागेकडे खूण केली. दगडी गडग्यापलीकडे आप्पा काठी टेकत एका शेजाऱ्याला कलमाकलमाखालून फिरवत होते. शेजाऱ्याने काहीतरी सांगितले. आप्पांनी ऐकले, पण स्वतःचा अंदाज मात्र तोंडाबाहेर काढला नाही. महिपतशेटचा माणूस निरोप विचारायला आला होता, तो बाहेरच उभा होता. आप्पांनी त्याला सांगितले, की आकडा गुरुवारी कळेल, आणि तो महिपतशेटबरोबर आणखी दोन व्यापाऱ्यांनाही कळेल.

पाखाडीवर दुसरा शेजारी येताना दिसला. आप्पांनी पहिल्याचा दंड धरला आणि मागच्या बेड्याच्या आडव्या काठ्या सरकवून त्याला हळूच बाहेर काढून दिले.