झाडं वजा केल्यावर

मी एक जुना लेझर स्कॅनर आहे. सध्या मुक्काम कपाटाच्या वरच्या फळीवर, शेजारी मोडकी छत्री. पाऊस आला की तिची तरी आठवण निघते.

मित्रांनो, विमानाच्या पोटातून खाली बघणं हे माझं काम. मी जंगलावर प्रकाशाचे किरण सोडायचो. बहुतेक पानांवर आपटून परत यायचे, थोडे फटींतून जमिनीपर्यंत जाऊन यायचे. यायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळायची. मग कार्यालयातला नकाशेवाला संगणकावर झाडं वजा करायचा आणि खालची जमीन उघडी पडायची. जुने बांध, पाट, कधी अख्खं गाव. कौतुक त्याचं व्हायचं. मला पुसून डब्यात ठेवायचे.

एका डोंगरावरून नवा रस्ता जायचा होता. तिथे झाडीखाली जुनं गाव दडलंय, असं पुरातत्त्ववाल्या ताईंचं म्हणणं. नकाशात ते दिसलं तर रस्ता वळणार होता. मी डोंगर पिंजून काढला.

पण नकाशेवाल्याला टापटिपीचं वेड. गुडघ्याएवढं जे जे दिसलं, ते त्याने झुडूप समजून उडवलं. डोंगर न्हाव्याकडून आल्यासारखा गुळगुळीत झाला. साहेब खूश, रस्ता मंजूर.

ताई तरातरा आल्या. "अरे, पडक्या भिंती गुडघाभरच उरतात."

"झुडपंही तेवढीच असतात, ताई."

"बरं, मूळ मोजणी दे. मी बघते."

"ती पुसली. जागा फार खात होती."

ताई खाली बसल्या. "धन्य आहेस बाबा. चहा फेकून चोथा जपणारा तूच."

मला पुन्हा पाठवायचं ठरलं. विमान दुरुस्तीला गेलेलं. ते परत येईपर्यंत बुलडोझर डोंगर चढले होते.

त्या खेपेला नकाशेवाल्याने झाडांखेरीज कशालाही हात लावला नाही. गाव स्वच्छ दिसलं. काही घरं रस्त्याच्या डावीकडे, काही उजवीकडे, मधली कुठेच नाहीत.

तो नकाशा आता भिंतीवर टांगलाय. पाहुणे म्हणतात, "वा, किती स्पष्ट." नकाशेवाल्याने आपली खुर्ची तेवढी फिरवून घेतली आहे.

मित्रांनो, आवराआवर जरूर करा. पण मूळ आहे ते आधी जसंच्या तसं बाजूला ठेवा. मी त्या डोंगरावर दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गाव पूर्ण होतं.